याकूबभाईंचं सांगणं

याकूबभाई गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा मी मंचरच्या बाजारात होतो. पिशवी ओळखीच्या दुकानात टाकून घोडेगावची गाडी पकडली. मातीला पोचलो, एवढंच समाधान.

आम्ही दोघं एसटीत. ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. नव्वदच्या दशकात घोडेगावहून डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या गाडीवर आमची जोडी जमली, ती वर्षानुवर्षं टिकली. पहाटे गाडी काढण्याआधी ते नमाज पढायचे; तोवर मी हिरड्याची पोती टपावर चढवून घ्यायचो. मला ते ‘मास्तर’ म्हणत.

एका वर्षी रजा काढून ते मशिदीतून निघालेल्या जमातीबरोबर गेले. चाळीस दिवस गावोगाव फिरून आपल्याच समाजातल्या लोकांना नमाजाची, धर्माची आठवण करून द्यायची. परतल्यावर शेवटच्या थांब्यावर जेवायला बसलो की म्हणायचे, ‘‘मास्तर, एक बोलायचं व्हतं...’’ मी ‘बोला की’ म्हटलं की कालवण माझ्याकडं सरकवायचे. ‘‘ऱ्हाऊ द्या. खा.’’ असं कितीतरी महिने चाललं.

शेवटी एका दुपारी, गाडी रिकामी असताना, समोरच्या काचेकडं बघतच बोलले.

‘‘आपल्याला जे खरं वाटतं ते आपल्या माणसाला सांगायचं, हे निसतं मौलवीचं काम न्हाई मास्तर. माझ्यासारख्याचंबी हाय. मी परक्या गावात दारोदार गेलो, अन् तुमाला काय बोललो न्हाई. उद्या अल्लानं विचारलं तर काय सांगू?’’

‘‘मग सांगा आता.’’

त्यांनी सांगितलं. अडखळत, घाम पुसत. देव एकच आहे, केलेल्याचा जाब द्यावा लागतो, त्याच्यापुढं सगळे सारखे. मी पुरतं ऐकून घेतलं. म्हणालो, ‘‘याकूबभाई, पटलं तेवढं पटलं. पण मी आहे तिथंच राहणार.’’

‘‘ऱ्हावा की. त्यात जबरदस्ती न्हाई,’’ ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.

पुढच्या आठवड्यात कळलं, त्यांनी ड्युटी बदलून घेतली होती. मला वाटलं, माझा नकार लागला. डेपोत दिसले तरी नजर चुकवायचे. न राहवून एका रविवारी घरीच गेलो. भाभींनी चहा ठेवला. याकूबभाई मान खाली घालून बसले होते.

‘‘तुमाला वाटलं आसंल, येवढी वर्सं ह्याच्यासाठीच दोस्ती केली,’’ ते म्हणाले. ‘‘न सांगावं तर तिथं गुन्हेगार. सांगितलं तर हितं.’’

‘‘अहो, मला परका मानलं असतं तर बोलला असता का तुम्ही? उद्या गाडीवर या.’’

त्यांनी रुमालात तोंड लपवलं. दुसऱ्या दिवशी नाही, पण आठवड्याभरात ते आमच्या गाडीवर परत आले. तो विषय मात्र पुन्हा निघाला नाही. त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांनी जीव गोळा करून जे सांगितलं, त्यावर मी साधा एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता... हे आता, ते गेल्यावर, सलतं.

माती झाल्यावर घरी गेलो. भाभी म्हणाल्या, ‘‘रोज दुवेत तुमचं नाव घ्यायचे, भाऊ.’’

‘‘काय मागायचे?’’

‘‘ते हळू बोलायचे. मला नाय कधी ऐकू आलं.’’

त्याला महिना झाला. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना त्यांचं नाव तोंडी येतं. त्यांच्यासाठी काय मागावं, ते सुचत नाही... नाव घेतो आणि तसाच उभा राहतो.