शोकातल्या राणीची सही
परिचारिकेने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि त्या वासासरशी यवतमाळातले माझे फोटोचे दुकान आठवले. कापसाने जिल्ह्याला बुडवले ती वर्षे होती. लोक घरातल्या जुन्या वस्तू विकायला काढत, जुने फोटो पारखून घ्यायला माझ्याकडे आणत, आणि त्यांत नकलाही पुष्कळ असत. त्यामुळे मी कुणावर सहज विश्वास ठेवत नसे. एका दुपारी मारेगावची एक बाई फडक्यात गुंडाळलेला जुना फोटो घेऊन आली. पतीच्या निधनानंतर काळ्या वेशात बसलेली विलायतेची राणी, आणि खाली शाईची सही. “भाऊ, सही खरी हाय, एवढं लिहून द्या. उद्या नागपूरचं गिऱ्हाईक येऊन राह्यलं. पोरीले नर्सिंगले टाकाचं हाय.” “राणीची सही तुमच्या घरी कशी?” “आजेसासरे कापसाच्या जिनातल्या गोऱ्या सायबाकडे कामाले होते, त्यानं जातानी देल्ली. काहून, चोरीची वाटते?” असे फोटो सहीसकट छापून विकले जात, हे मला ठाऊक होते. छापील सही स्पिरिटने हलत नाही. ही छापीलच असणार, या खात्रीने मी तिला न विचारता सहीवरून स्पिरिटचा बोळा फिरवला. सही कापसावर उतरली. फोटोवर तपकिरी डाग तेवढा उरला. बाईने तो बोळा उचलून पाहिला. “म्हंजे हातचीच होती नं, भाऊ?” मी होय म्हणालो. तिने फोटो पुन्हा फडक्यात बांधला. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मी आजवर कुणाला विचारलेले नाही.