मैनाबाईचा बुडालेला तास

मैनाबाईशी वैर घेऊ नये, हे चांदूर रेल्वेत लहान पोरांनाही माहीत आहे. भगवंतराव सरांना माहीत नव्हतं, कारण ते अमरावतीचे.

साल दोन हजार आठ. शेतीचं वाटोळं झालेलं, म्हणून गावच्या बायांना काहीतरी धंदा शिकवायच्या योजना निघाल्या होत्या. अमरावतीच्या राजापेठेत, एका दुकानावरच्या मजल्यावर, सरांचं केंद्र होतं. तिथे रुग्णसेविकेचा कोर्स चालायचा. मी अफसाना, सातवी पास. माझ्या बाजूला मैनाबाई, वय चाळीस, शाळेचं तोंड न पाहिलेली. अकोल्याच्या एका दवाखान्यात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. अट एकच, कोर्स पास पाहिजे.

जिन्यात मोठी पाटी रंगवलेली होती. एके दिवशी मैनाबाईनं मला ती वाचायला लावली. निरक्षर बायांसाठी रोज एक तास वाचन-लेखन, लेकरांसाठी पाळणाघर, येण्याजाण्याला बसचा पास. यातलं आम्ही काहीच पाहिलं नव्हतं. पाळणाघर नाही म्हणून तर दुर्गाबाई तान्ही पोर घेऊन परत शेतात तण काढायला, निंदणाला गेली होती.

मैनाबाईनं भर वर्गात विचारलं, "सर, तो वाचाचा तास कवा होते?"

सर हसले. "तुझी बोटं कापूस वेचायची. थर्मामीटरचा आकडा वाचता येत नाही अन् तास मागते! तू परीक्षेला बसूच नको, माझा निकाल खराब होईल."

वर्ग हसला. मीही हसले, ते अजून मला टोचतं. परतीच्या बसमध्ये मैनाबाई एवढंच बोलली, "अफसाना, याले मी सोडत नाही."

माहितीच्या अधिकाराबद्दल तिनं बचत गटाच्या बैठकीत ऐकलं होतं. केंद्राचं हजेरीचं रजिस्टर मागणारा अर्ज मी लिहून दिला, तर म्हणे, "तुह्या अक्षरात नाही. माह्या." अक्षरं ओळखत नव्हती, पण रांगोळी काढावी तसा पाहून पाहून तिनं तो अर्ज आठ दिवसांत कागदावर उतरवला. 'प्रशिक्षणार्थी' या शब्दापायी दोन कागद वाया गेले.

महिन्याभरानं रजिस्टरच्या नकला आल्या. बघते तर काय, वाचनाचा तास रोज झाला होता! शिकवणारे, स्वतः भगवंतराव सर. हजेरीला तेवीस बायांचे रोज तेवीस अंगठे. मी हे वाचून दाखवलं, तशी मैनाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अहो, आम्ही साऱ्या बचत गटाच्या. सही शिकल्याशिवाय आमच्या गटात नाव घेत नाहीत. जिला 'क' वाचता येत नाही तीही सही ठोकते, आणि अंगठा दे म्हटलं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण गावची बाई म्हणजे अंगठा, असं सर धरून चालले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

मैनाबाईनं तक्रार केली. चौकशीला योजनेचे साहेब आले, त्यांनी कोरा कागद फिरवला. तेवीसपैकी कोर्स न सोडता उरलेल्या बारा जणींनी एकीखाली एक सह्या केल्या. मैनाबाईनं तर नावाखाली रेघही ओढली. सरांचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सर चांदूर रेल्वेला, मैनाबाईच्या दारात. हातात तिच्या नावाचं प्रमाणपत्र, सहीशिक्क्यासकट. "परीक्षेची गरज नाही. तक्रार तेवढी मागे घे."

अकोल्याची नोकरी दारात चालत आली होती. मी तिच्या जागी असते तर घेतली असती. मैनाबाईनं तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत केला.

"हे मले वाचता येत नाही, सर. उद्या पेशंटले भलतीच गोळी देल्ली तं? रजिस्टरात तुमीच शिकवलं ना? मंग आता शिकवा."

साहेबांपुढेही तिनं तेच मागितलं. बुडालेला तास अन् तास सरांनीच भरून द्यायचा, नाहीतर केंद्राला कुलूप, असं ठरलं. पाच महिने सर रोज खडू घेऊन उभे राहिले. मैनाबाई पहिल्या बाकावर. तिला कळलेलं असायचं, तरी सर फळा पुसायला वळले की म्हणायची, "पुन्हा सांगा जी, डोक्यात नाही घुसलं." सर पुन्हा सांगायचे. पाळणाघरही सुरू झालं, पण दुर्गाबाई काही परत आली नाही.

मैनाबाई पास झाली, अकोल्याला लागली. तरी नवी तुकडी सुरू झाली की ती रजा टाकून राजापेठेत येते आणि मागच्या बाकावर बसून राहते. सर तिला पाहतात आणि तास घेतात.

मागच्या खेपेला सरांनी तिच्यापुढे हात जोडले. "मैनाबाई, पाच वर्षं झाली. आता तरी राग सोडा."

"मी राग सोडला तं तुमी तास सोडसान," ती म्हणाली. "शिकवा."