जावेनं सुचवलेला बॅकअप

धाकट्या जावेबद्दल मला जे वाटायचं त्याला मत्सर म्हणतात, हे स्वतःशी कबूल करायला मला तीन वर्षं लागली. तोवर मी काहीबाही कारणं शोधत होते. ती फार बोलते, मोठ्यानं हसते, माहेर घोडेगावचं म्हणून स्वतःला शहरातली समजते. खरं कारण एवढंच होतं की ती येईपर्यंत घरात कॉम्प्युटर कळणारी मी एकटी होते.

आम्ही निमगाव सावाचे. लग्नाआधी मी आळेफाट्यावर एका टायपिंगच्या दुकानात कामाला होते. लग्नानंतर तेच काम घरी सुरू केलं. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, देवळाच्या जत्रेची पत्रकं, सगळं माझ्याकडे यायचं. दारात कुणी आलं की आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरूनच सांगायचे, "मोठीला इचारा. तिला सगळं येतं." आतून ते ऐकायला मला फार आवडायचं.

धाकटी आली तेव्हा माझं मशीन म्हातारं झालं होतं. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन यावं, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. ती लग्नाआधी मंचरला एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळायची. आठवडाभर ती नुसती बघत होती. मग एका दुपारी म्हणाली, "ताई, यातलं विंडोज काढून लिनक्स टाकू का? फुकट असतं, आणि जुन्या मशीनवरपण पळतं."

नाही म्हणायला कारण सापडेना म्हणून मी हो म्हणाले. दोन तासांत मशीन खरंच पळायला लागलं. संध्याकाळी आबा आल्यागेल्याला सांगत होते, "धाकटीनं मोठीचं मशीन नीट केलं. लई हुशार पोर." त्या दिवशी माझ्या चार भाकरी करपल्या. मी गॅसला दोष दिला.

हळूहळू लोक तिलाच विचारायला लागले. कुणाचा मोबाइल अडकला, कुणाचा ऑनलाइन फॉर्म पुढं जाईना, की "धाकट्या वहिनी आहेत का?" मी समोर बसलेली असायचे. ती मात्र प्रत्येकाला म्हणायची, "ताईंना विचारा ना, त्यांना येतं." तिचा हा चांगुलपणा मला जास्त लागायचा.

एकच गोष्ट पूर्णपणे माझी उरली होती. आमचं घर मूळचं मेंढरांचं. आता आम्ही कांदा आणि ऊस करतो, पण आबांनी तरुणपणी दर दिवाळीनंतर नाणेघाट उतरून मेंढरं कोकणात नेली होती. कुठल्या गावात कुणाच्या भातखाचरात मेंढरं बसवली, लेंडीखताच्या बदल्यात किती पायली भात मिळालं, कुठली मेंढी घाटात हरवली, सगळं त्यांना पाठ होतं. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायचे आणि फावल्या वेळात टाइप करायचे. त्याचं पुस्तक करायचं मनात होतं. आबा बोलायला बसले की मी दार ओढून घ्यायचे. बाहेरचा आवाज नको म्हणून, असं मी सांगायचे.

एकदा धाकटी टेबलाशी आली आणि तिनं विचारलं, "ताई, आबांच्या कामाचा बॅकअप कुठंय?"

"मशीनमध्येच आहे की सगळं."

"म्हणजे नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिनं आतल्या कपाटातून एक बाहेरून लावायची डिस्क आणली आणि मला एक प्रोग्राम दाखवला. एकच खिडकी. काय ठेवायचं, कुठं ठेवायचं, कधी ठेवायचं, एवढंच तो विचारत होता. मशीनमधले सगळे फोल्डर समोर दिसत होते आणि प्रत्येकापुढं आधीच टिकची खूण होती.

"यात फाइली जशाच्या तशा राहतात," ती म्हणाली. "उद्या मशीन गेलं तर डिस्क कुठंही लावा, उघडतात. आपल्या कामाला हे पुरे आहे."

'आपल्या कामाला' हे शब्द माझ्या मनात रुतले. म्हणजे माझ्या कामाला सोपंच पुरे? मी म्हटलं, "ठेव, मी बघते सावकाश."

मग आठवडाभर मी इंटरनेटवर वाचत बसले. एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की जाणकार माणसं खिडक्याबिडक्यांचे प्रोग्राम वापरत नाहीत. त्यानं वेगळाच एक सुचवला होता. तो नुसत्या आज्ञा लिहून चालायचा, फाइली दाबून लहान करायचा, वर पासवर्डचं कुलूप लावायचा. माझ्या पत्रिकांना आणि आबांच्या मेंढरांना यातल्या कशाचीच गरज नव्हती. मी धाकटीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा वापरलायस का तू?"

"नाही हो ताई. तो मोठ्या सर्व्हरवाल्यांचा. मला नाही येत."

मला नाही येत! तिच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं आणि तिथंच माझा निर्णय झाला.

मी आज्ञा जमवल्या, चिकटवल्या, एका फाइलीत भरल्या. त्या फाइलीवर क्लिक केलं की काळी खिडकी उघडायची आणि पासवर्ड मागायची. टायपिंग संपलं की मी रोज ती चालवायचे, शक्यतो धाकटी खोलीत असताना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर पळायच्या. ती म्हणायची, "भारीच जमलं ताई तुम्हाला." चार महिने मी त्या सुखात होते.

उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. मशीन काही सुरू होईना. आळेफाट्यावर नेलं तर दुरुस्तीवाला म्हणाला, "आतली डिस्क गेली, ताई. यातलं काही मिळायचं नाही." नवीन डिस्क बसवून मशीन घरी आणलं. धाकटीनं त्यात पुन्हा लिनक्स टाकलं. मी तिच्या शेजारी उभी राहून मोठ्या ऐटीत म्हणाले, "काळजी नको. माझा बॅकअप आहे."

माझा प्रोग्राम परत टाकला, बाहेरची डिस्क लावली, काळी खिडकी उघडली. पासवर्ड टाकला. चुकीचा आहे म्हणाली. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. तोच पासवर्ड मी चार महिने रोज टाकत होते.

"राहू द्या ताई. उद्या शांतपणे बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लसूण सोलता सोलता तिनं एकदम विचारलं, "तुम्ही ते चालवायच्या आधी काय करत असायचात?"

"टाइप करत असायचे. आबांचं."

"मराठीत?"

दोघी लसूण टाकून उठलो. टायपिंग झाल्यावर माझा कीबोर्ड मराठीवरच राहायचा, आणि काळ्या खिडकीत पासवर्डची अक्षरं दिसत नाहीत. मी इंग्रजी समजून बटणं दाबत होते, मशीन मराठी लिहून घेत होतं. नव्यानं टाकलेल्या लिनक्सवर कीबोर्ड इंग्रजीवर होता. तिनं तो मराठीवर केला, मी तीच बटणं दाबली आणि कुलूप उघडलं. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हेही हिलाच सुचलं. आभार मागून आले.

टाइप केलेलं सगळं परत मिळालं, प्रत्येक पान. पण रेकॉर्डिंग नव्हती. एकही नाही. आज्ञा लिहिताना मी एकाच फोल्डरचं नाव दिलं होतं, आणि आबांचा आवाज शेजारच्या दुसऱ्या फोल्डरात होता. प्रोग्रामनं सांगितलं तेवढंच केलं. मोबाइल भरला म्हणून त्यातलं मी कधीच पुसलं होतं. निम्म्याहून जास्त तर अजून टाइपही व्हायचं होतं.

मी परसात जाऊन रडले. धाकटी मागून आली. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. तिच्या जागी मी असते तर नक्की म्हणाले असते.

"तुझा तो सोपा प्रोग्राम मी मुद्दाम घेतला नाही," मी म्हणाले.

"का?"

"तू सुचवलास म्हणून."

ती पेरूच्या झाडाकडे बघत म्हणाली, "आबा बोलायचे तेव्हा मी दाराबाहेर बसून ऐकायचे. तुम्ही मला कधी आत बोलावलं नाहीत."

त्याच दिवशी तिचा प्रोग्राम मशीनवर टाकला. या वेळी सगळ्या टिक मी स्वतः एकेक करून बघितल्या, आणि बॅकअप झाल्यावर दोन फाइली परत आणून उघडूनही पाहिल्या.

आबांना सांगायचं मला फार जड गेलं. ते म्हणाले, "गेलं तर गेलं. मी हाय ना अजून? घ्या परत."

या वेळी धाकटीही आत बसली. नाणेघाटाचा भाग आला. तो मी तीनदा ऐकलेला. तिनं मध्येच विचारलं, "आबा, बायका कशा उतरायच्या? पोटुशा असल्या तर?"

आबा म्हणाले, "माझी धाकली बहीण घाटघरला जन्मली. घाट उतरायच्या आधी पठारावरच, घोंगडीच्या आडोशाला. दुसऱ्या दिशी आई घाट उतरली. मी सहा वर्साचा व्हतो. बहिणीला मी कोकराबरुबर घोड्यावर धरून बसलो व्हतो."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. आबा सांगत होते तिच्याकडे बघून, आणि माझा तोच जुना मत्सर परत जागा झाला. हातातला मोबाइल मात्र मी त्यांच्याजवळ सरकवला.

पुस्तक अजून व्हायचं आहे. विचारायचं काम ती करते, टाइप मी करते. आबा तिच्या एखाद्या प्रश्नावर खूश होऊन हसले की मला अजून टोचतं. पूर्वी अशा वेळी मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचे. आता जात नाही, कारण पुढचं ऐकायचं असतं.