सासू उठून बाहेर गेली तेव्हा

परवा आमगावच्या बाजारात वाळत्या मोहफुलांचा गोडसर वास आला आणि मोहफुलं वाळत घातलेलं कामठ्याकडचं एक अंगण आठवलं. मी तेव्हा घरोघरी जाऊन आरोग्य पाहणीची प्रश्नावली भरत असे. त्या घरातल्या दीड वर्षाच्या मुलीचं वजन फारच कमी भरलं होतं. पुढचे प्रश्न नवऱ्याच्या मारहाणीचे होते. ते बाईला एकटीलाच विचारायचे, कुणी ऐकत असेल तर सोडून द्यायचे. सासू दारातच बसलेली. मी कागद मिटायला लागले. "काऊन थांबली वं?" सासूनं विचारलं. "पुढचे प्रश्न एकटीलाच विचारायचे असतात," मी म्हणाले. तिनं सुनेकडे पाहिलं, नातीला कडेवर घेतलं आणि उठून बाहेर जाता जाता सुनेला म्हणाली, "खरं सांग वं. पोरगा माहाच हाये, पण तो मारते त्या दिवशी तू जेवत नाही, अन् ही उपाशी राहते." सून आधी रडली, मग सगळं बोलली. वर्षभरानं ती मला तिच्या माहेरच्या अंगणवाडीत भेटली. सासूनंच तिला माहेरी आणून सोडलं होतं. मुलीचे गाल भरले होते. ती म्हातारी उठली नसती, तर 'विचारलं नाही' असं लिहून मी पुढच्या घरी गेले असते; ती उठली याचं आजही हायसं वाटतं.