आधी त्याचं सांगा

एल्मर साहेबांच्या ऑफिसात भांडण घेऊन आलेल्या माणसाला स्वतःची बाजू आधी मांडता येत नसे. आधी समोरच्याची मांडायची. ती ऐकून समोरच्याने मान हलवून "व्हय, ह्येच माझं म्हननं" असं म्हणेपर्यंत मांडायची. मग पाळी आपली. काही जण पहिल्याच दिवशी उठून जात. काहींना तीन-तीन आठवडी बाजार लागत.

म्हसवडच्या त्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. दुष्काळात विहिरी खणायचं काम एका परदेशी संस्थेने काढलं होतं आणि एल्मर साहेब त्याचे प्रमुख होते. पत्र्याची एक खोली, दोन टेबलं, भिंतीला टेकवलेल्या पहारी. विहिरीला पाणी लागलं की भाऊबंदांत पाळ्यांवरून भांडण लागे आणि ते साहेबांकडे येई. एकदा दोन चुलतभाऊ आले. साहेबांनी थोरल्याला सांगितलं, "आधी त्याचं सांगा."

थोरला म्हणाला, "त्याचं म्हननं आसं, की त्यो एकटा शाना आनि बाकी समदी येडी."

धाकटा उसळला. साहेब शांतपणे म्हणाले, "त्यानं मान हलवली न्हाई. परत सांगा."

"आवं साहेब, किती येळा?"

"मला घाई न्हाई. माझी बायको वारली हाय, घरी कुनी वाट बघत न्हाई."

हे ते विनोदाने म्हणत की खरंच, ते मला कधी कळलं नाही. पण थोरला हसला आणि चौथ्या खेपेला नीट बोलला.

साहेबांचं मराठी असं होतं. विहिरीवरच्या गवंड्यांकडून आणि सुरुंगवाल्यांकडून ते शिकले होते. सव्वासहा फूट उंची, तांबडा चेहरा, जाड चष्मा आणि तोंडात अस्सल माणदेशी. कलेक्टर कचेरीतले लोक तोंडावर हात धरून हसत. मी रहिमतपूरची, मॅट्रिक झालेली. मी एकदा त्यांना सुधारायला गेले, "साहेब, 'हाय' नाही, 'आहे'." ते म्हणाले, "ज्यांच्यासंगं बोलायचं त्यांना कळतं न्हवं? मग ऱ्हाऊ द्या."

मूळचे ते वकील. अमेरिकेत गव्हाच्या प्रदेशात त्यांचं गाव. मेनोनाइट नावाचा ख्रिस्ती लोकांचा एक पंथ आहे, साहेब त्यातले. हे लोक हत्यार धरत नाहीत आणि शपथ घेत नाहीत. तरुणपणी महायुद्धात बंदूक धरायला नकार दिला म्हणून सरकारने त्यांना वेड्यांच्या इस्पितळात कामाला लावलं. चार वर्षं त्यांनी रुग्णांना आंघोळी घातल्या. पुढे कायदा शिकले. त्यांच्या पंथात कोर्टाची पायरी चढणंही कमीपणाचं, त्यामुळे घरचे म्हणत, वकील कसला झालास. बायको गेल्यावर त्यांनी वकिली बंद केली आणि अशा कामावर देशोदेशी फिरू लागले. इथे त्यांना वकिली करता येत नव्हती आणि करायचीही नव्हती.

माझी नोकरीही भांडणातूनच निघाली होती. माझे यजमान एकाहत्तरच्या लढाईत गेले. तेव्हा मी पंचवीस वर्षांची, मुलगी नंदा दोन वर्षांची. सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मुलगा एकच. सून टायपिंगला जाते म्हटल्यावर घरात पंधरा दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. त्यातही बंदूक नाकारलेल्या माणसाच्या हाताखाली. मामंजी म्हणाले, "माझ्या पोरानं जीव दिला आन् तू त्या भ्याडाची पत्रं छापतीस." मी छापत राहिले.

पाऊस झाला, म्हसवडचं काम उरकलं आणि ऑफिस सांगलीला गेलं. साहेबांनी विचारलं, येणार का. मी नंदाला घेऊन गेले. सासरी न सांगता गेले, हे इथे लिहून टाकते, कारण पुढे कोर्टात तेही निघालं.

सांगलीत नंदाला सांभाळायला कोणी नव्हतं. ती ऑफिसातच असायची. एका दुपारी ती पोत्यांच्या घडीवर झोपली होती आणि साहेबांनी मला काही कागद घेऊन कचेरीत पाठवलं. अर्धा तास म्हणून गेले, तिथे दीड तास गेला. परत आले तर साहेब सायकल टेकवत होते, पुढच्या दांडीवर नंदा, गुडघ्यापर्यंत ओली. ते एवढंच म्हणाले, "घाटावर व्हती. आता हाय."

कृष्णेला तेव्हा बरंच पाणी होतं. ती शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. त्या दिवसानंतर मी तिला एक क्षणही नजरेआड केलं नाही. साहेबांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

सहा महिन्यांनी मामंजींनी सातारच्या कोर्टात अर्ज केला, नात आमच्या ताब्यात द्या म्हणून. साहेब पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "इंदूताई, कोर्ट नंतर. आधी सुभेदाराचं तुम्ही सांगा."

"त्यांचं मी का सांगू? मुलगी माझी आहे."

"म्हनून तर सांगा."

"ते विहिरीच्या पाळ्यांना ठीक आहे साहेब. हे तसलं नाही."

ते उठले. मी त्यांना तेव्हा बसवलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

माझ्या वकिलांचं मत, गोऱ्या साहेबाची साक्ष वजनदार पडेल. आई जबाबदार आहे, मुलीकडे लक्ष देते, एवढं त्यांनी सांगितलं की पुरे. मी साहेबांकडे गेले आणि घाटाचं काढलं. ते म्हणाले, "आपनहून सांगनार न्हाई. विचारलं तर सांगनार."

"एका शब्दाचा प्रश्न आहे साहेब."

"माझ्याकडं बी एकच शब्द हाय." मग म्हणाले, "तुमच्या वकिलाला समदं सांगा. मला बोलवू नका म्हना."

मी वकिलांना काही सांगितलं नाही. मला वाटलं, ऐनवेळी नंदाकडे बघून साहेब वाकतील. अडीच वर्षं त्यांची पत्रं टाइप करत होते. खणलेल्या विहिरीची खोली ते अर्ध्या फुटाने वाढवून लिहू देत नसत, हे मला माहीत होतं. तरी वाटलं.

साताऱ्याला कोर्टात पट्टेवाला बायबल घेऊन आला तर साहेबांनी हात मागे घेतले. न्यायाधीशांनी कारण विचारलं. साहेब म्हणाले, "आज शपथ घेतली, तर काल बिनशपतीचं जे बोललो ते काय व्हतं?" त्या मराठीवर कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. शपथेऐवजी 'खरं सांगेन असं जाहीर करतो' म्हणायची सोय कायद्यात होती, तसं त्यांनी म्हटलं. माझे वकील खूश झाले. कानाशी म्हणाले, "बघा, आता यांचा शब्द कोण खोटा म्हणतो."

माझ्या वकिलांचे प्रश्न झाले. मग मामंजींचे वकील उठले. मधे एकदा मी नंदाला सासरी भेटवायला नेलं होतं, तेव्हा तिने आजीला नदीचं काहीतरी सांगितलं होतं, तेवढा धागा त्यांच्याकडे होता. पाच वर्षांच्या पोरीचं बोलणं, दुसरा पुरावा नव्हता.

"मुलगी आईच्या ताब्यात असताना कधी हरवली होती का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नंदाचा हात धरून बसले होते. मी मान हलवली, नाही म्हणा म्हणून. ते म्हणाले, "व्हय."

"कुठे सापडली?"

"कृष्णेच्या घाटावर. पाय पान्यात व्हतं."

"आई कुठे होती?"

"कचेरीत. मी धाडलं व्हतं, माझ्या कामाला. चूक माझी धरा."

"तेवढं विचारलेलं नाही," वकील म्हणाले, आणि ते लिहून घेतलं गेलं नाही.

नंदा आजी-आजोबांकडे राहावी, आईने महिन्यातून एकदा भेटावं, असा निकाल लागला. कोर्टाच्या आवारात साहेब माझ्यासाठी थांबले होते. मी त्यांच्या अंगावरून चालत स्टँडवर गेले. दुसऱ्या दिवशी राजीनामा टाइप केला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. तो टाइप करताना एकही चूक झाली नाही, हे आठवतं.

हळदीच्या एका पेढीवर मला पत्रव्यवहाराचं काम मिळालं. शेटजी जैन, सज्जन माणूस, चौकशा करत नसत. दर महिन्याला मी विट्यावरून एसटीने सासरी जायची, नंदाला ओसरीवर दोन तास भेटायची आणि परत यायची. पहिल्यांदा तिने एसटी येईपर्यंत माझा हात सोडला नाही. सहाव्या-सातव्या खेपेला ती खेळातून उशिरा आली. वर्षाने एकदा केस विंचरू म्हटलं तर म्हणाली, "आजीनं इंचारल्यात." मी फणी पिशवीत ठेवली.

तिनेच एकदा सांगितलं, "अमेरिकेचं आजोबा येत्यात आमच्याकडं. बाजारच्या दिवशी. ओसरीवर गप बसत्यात." माझं डोकं फिरलं. मुलगी घालवली ती घालवली, वर तिकडे जाऊन बसतात. त्यानंतर सांगलीच्या रस्त्यात साहेबांची सायकल दिसली की मी दुकानात शिरत असे.

शहात्तर साली त्यांचा राहण्याचा परवाना वाढवून मिळाला नाही. हे शेटजींकडून कळलं. चार दिवसांनी साहेब पेढीवर आले. मी हुबळीच्या एका व्यापाऱ्याला पत्र टाइप करत होते. शेटजींनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. टोपी हातात धरून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी वर पाहिलं नाही. कागद संपला, मी दुसरा चढवला. ते म्हणाले, "इंदूताई, येतो." मी टाइप करत राहिले. वर पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. शेटजी म्हणाले, "बाई, अहो पाणी तरी विचारायचं." मी म्हटलं, "पत्र आजच्या टपालात जायचंय."

त्यानंतर महिनाभराने, रविवारी सकाळी, मामंजी माझ्या खोलीच्या दारात. अंगात फौजेचा जुना कोट, एका हातात नंदाची ट्रंक, दुसऱ्या हाताला नंदा. मी उठून उभी राहिले. ते म्हणाले, "बस खाली. आधी तुझं मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. पंचविसाव्या वर्षी मी ओसरीच्या कोपऱ्यात बसून जन्म काढावा असं सगळ्यांनी ठरवलं होतं, ते. पंधरा दिवस घरात कोणी बोललं नाही, ते. "पोर घाटावर गेली त्यात तुझा जीव त्याच दिशी गेल्ता. त्याच्या म्होरं तू तिला नदरंआड क्येलं न्हाईस. कोर्टानं ते लिवलं न्हाई, मी बी लिवू दिलं न्हाई. बरुबर हाय का?"

मी मान हलवली.

"आता माझं तू सांग."

मी म्हणाले, तुमचा मुलगा गेला आणि तो कसा दिसत होता हे नंदाच्या कपाळावरून आठवतं. ती नजरेसमोरून गेली तर तो दुसऱ्यांदा जाईल. मामंजींनी टोपी काढली, आतून पुसली, परत घातली. "व्हय," म्हणाले. "ह्येच."

मग ट्रंक माझ्याकडे सरकवली, "पोर आता तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे" म्हणाले, पाणी प्यायले आणि साहेबांचं सांगितलं. साहेब निकालानंतर दर बाजारला येत होते, जवळजवळ दीड वर्ष. पहिल्या सहा खेपांना मामंजींनी पाणीसुद्धा दिलं नाही. "मी तोंडावर भ्याड म्हनलो. त्यो म्हनला, बरं, लिवून घ्या. आन् फुडच्या बाजारला परत आला. आधी माझं समदं सांगितलं, माझ्या पोराचं बी. असं, की मला बी तसं सांगता आलं नसतं. मग म्हनला, आता इंदूताईचं तुमी सांगा. मला कुटं येतंय? चुकायचो. त्यो म्हनायचा, परत सांगा."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. "मी बी त्येच म्हनलो त्याला. तर म्हनला, विचारलं तर सांगंन." मग म्हणाले, "तू कवा विचारलंस?"

त्याच दिवशी मी पत्र लिहायला घेतलं. त्यांचा अमेरिकेतला पत्ता पत्रं टाइप करून मला पाठ होता. पाच पानं झाली. मराठीत लिहिलं, त्यांच्याशी मी दुसऱ्या कोणत्या भाषेत कधी बोललेच नव्हते.

उत्तर त्यांच्या बहिणीचं आलं, इंग्रजीत. साहेब घरी पोचल्यावर तीन आठवड्यांत हृदयविकाराने गेले. माझं पत्र गेलं तेव्हा त्यांना पुरून नऊ दिवस झाले होते. इथे ही लिपी वाचणारं कोणी नाही, तेव्हा पत्र परत पाठवत आहे, त्यात काही महत्त्वाचं असल्यास कळवावं, असं तिने लिहिलं होतं. सोबत माझी पाच पानं, तशीच घडी केलेली.

तिला मी उत्तर टाइप करून पाठवलं. तुमचे बंधू सचोटीचे होते, वगैरे. पाच पानांचं इंग्रजी मला जमलं नाही.

मामंजी गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. नंदाचं लग्न झालं, तिच्या मुलाचं कपाळ तसंच आहे. साहेबांचं मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, माझ्या परीने नीट, काही न लपवता. कुठे चुकलं असेल तर परत सांगायचीही तयारी आहे. पण समोर बसून मान हलवणारा माणूस नाही, आणि त्यांच्या नियमाने तोवर माझी पाळी येत नाही.