शहाण्णव दारं, शहाण्णव एकट्या

भर दुपारी शाल्मली सूक्ष्मदर्शकाला कपाळ टेकते. डोळे मिटायचे नाहीत, असं स्वतःला बजावते, आणि तिथंच पापणी दगा देते.

समोर तिची शेवटची प्लेट आहे. शहाण्णव खळगे, खळग्यागणिक उंदराच्या थायमसमधली एकेक कोवळी पेशी. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या टी पेशींचं माहेर. बहुतेकजणी तिथून कोऱ्याच निघतात, रोग भेटला की मग काम शिकतात. थोड्याजणी मात्र हातात हुन्नर घेऊनच उंबरा ओलांडतात. तो हुन्नर येतो कुठून? तीन वर्षं झाली, शाल्मलीच्या प्लेटमध्ये सगळ्या कोऱ्याच. उद्या तिचे मार्गदर्शक सर हे काम बंद करणार आहेत.

"मेल्यांनो, शिका की गं काहीतरी!"

"त्यांना कशाला शिव्या?"

बेसिनपाशी द्वारकामावशी उभ्या आहेत. तीस वर्षं इथली काचेची भांडी घासून गेल्या श्रावणात वारलेल्या. कोपरापर्यंत फेस, मनगटात हिरवा चुडा.

"मावशी, तुम्ही तर…"

"गेले. मला माहितेय. प्लेट दाखव."

मावशी वाकतात आणि प्लेटची चाळ होते. शहाण्णव दारं, दाराआड एकेक परकरी पोर, भिंतीकडे तोंड करून.

"हे काय गं?"

"एकीत दुसरी मिसळायला नको म्हणून. सांभाळायला अस्तराच्या पेशी दिल्यात की प्रत्येकीला!"

"म्हणजे आई दिलीस नि सई काढून घेतलीस. कपाळ माझं!"

"मावशी, हे विज्ञान आहे. तीन वर्षं मी…"

"त्यातली दोन वर्षं तुझी भांडी मीच घासली. मला सांग, फुगडी एकटीनं घालतात?"

शाल्मली तोंड उघडते तोवर पायाखालची फरशी सारवलेली झालीय. मावशी तिचे हात फुली करून धरतात, घट्ट, चुडा मनगटांत रुतेल इतके.

एकटीच्या पायी, घुमेना अंगण
सईच्या हाती हात, बोलतं कंकण

दोघी गरगरतात. दारं उघडतात. पोरी बाहेर येतात, आपल्यासारखीच एक शोधून तिचा हात धरतात. आणि घुमता घुमता कुणी सूप उचलते, कुणी लाटणं, कुणी घागर फुंकायला घेते. मंगळागौर रंगलीय.

"मावशी, कुणी काय उचलायचं हे कोण ठरवतं?"

"आता तेही मेलेल्या बाईनंच सांगायचं? शोध की जरा!"

हात सुटतात.

यंत्राचा भोंगा वाजतोय. शाल्मली दचकून उठते, चिडूनच. शेजारणी! शेजारणीच काढून घेतल्या होत्या तिनं, तीन वर्षं, मोठ्या निगुतीनं. ती पिपेट उचलते, पहिल्या दाराआडची पोर दुसरीच्या घरी नेऊन सोडते. मग तिसरीला. मग चौथीला.

हातमोजे मनगटाशी घट्ट होतात म्हणून ती ते खाली सारते. प्रयोगशाळेत ती कधी बांगड्या घालत नाही. तरी दोन्ही मनगटांवर बांगड्यांचे वळ उमटलेत, लालबुंद, अजून गरम.