'हो' दाबणाऱ्या मंगळीमावशी

मी रोह्यात राहतो आणि लोकांना वेबसाइट करून देतो. डोलवीकडच्या एका कारखान्याला साफसफाईची माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराची साइट माझीच. कामगाराने त्यावर सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा, दहा उत्तरं द्यायची, मग नवा गेटपास निघणार. व्हिडिओ पूर्ण पाहिला की नाही हे नोंदवायला ब्राउझरला एक छोटी जोडणी लागते, तिला प्लग-इन म्हणतात. ती नसेल तर पडदा काळाच राहतो. म्हणून मी पहिल्याच पानावर विचारलं होतं, 'तुमच्याकडे प्लग-इन आहे का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. 'नाही' दाबलं की ते कसं बसवायचं ते कळायचं.

तीन दिवसांत त्रेसष्ट जणांनी साइट उघडली. सगळ्यांनी 'हो' दाबलं, सगळ्यांना काळा पडदा दिसला, आणि एकाचाही पास निघाला नाही. ठेकेदार माझ्यावर उखडला, मी लोकांवर. समजून घ्यायला नको, दिसलं बटण की दाब. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तेव्हा मला आठवली नाही. शनिवारी सकाळी बाइक काढून पेणला रामवाडीत रोशनीच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. बहुतेक जण तिथूनच साइट उघडून भरत होते. बटण कामगारानेच दाबायचं अशी ठेकेदाराची अट, त्यामुळे रोशनी हात लावत नव्हती.

कॉम्प्युटरसमोर मंगळी हिलम बसल्या होत्या. गडब गावामागच्या कातकरीवाडीतल्या, पंचेचाळिशीच्या. आधी भातलावणी आणि वीटभट्टी केलेली, दोन वर्षांपासून कारखान्यात झाडू. सोमवारच्या शिफ्टला पास नसेल तर त्यांच्या जागी दुसरी बाई येणार होती. साइट प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायची. तो ऐकून त्यांनी माझ्यासमोरच 'हो' दाबलं.

"मावशी, प्लग-इन म्हणजे काय, ठाव हाय?" माझा आवाज चढलाच.

"नाय बा."

"मग 'हो' कशाला दाबलंत?"

"दादा, कचेरीत कोन इचारला, हाय का, तर व्हय बोलायचा. नाय बोलला का उद्या ये सांगतात. पोरीच्या जातीच्या दाखल्याला सायबान इचारला, आजाचा कागद हाय का. मी खरा बोलली, नाय. तीन वरसं उद्या ये, उद्या ये. दाखला मिलाला तवर पोरीची शाला सुटली."

मला लाज वाटली. यंत्राला विचारायचं ते मी माणसाला विचारत होतो.

तिथेच लॅपटॉप उघडला आणि प्रश्न काढून टाकला. आता पान उघडलं की ते स्वतःच प्लग-इन शोधणार, सापडलं नाही तर रोशनीला ते बसवायला सांगणार. दोन तास गेले. मावशी बाकावर बसून होत्या, मध्ये चहाही त्यांनीच आणून दिला.

रोशनीने प्लग-इन बसवलं आणि व्हिडिओ दिसला. मावशींनी नऊ उत्तरं भराभर दिली. दहावा प्रश्न होता, 'तुम्हाला सुरक्षेचे बूट मिळाले आहेत का?' त्यांचं बोट 'हो'कडे गेलं. मी खाली पाहिलं. पायात रबरी चप्पल होती, अंगठ्याजवळ तारेने बांधलेली.

"बूट मिळालेत?"

"नाय."

इथे 'नाही' आलं तर पास अडवायचा, हा नियम ठेकेदाराने सांगितला आणि मी निमूट लिहिला होता. गिऱ्हाईक तुटेल ही भीती मला होतीच. तरी मावशींना थांबवलं आणि तो नियम पुसला. आता 'नाही' म्हणणाऱ्याचं नाव बुटांच्या यादीत जाणार होतं आणि पासही निघणार होता.

"आता खरं दाबा."

"उद्या ये नाय ना सांगनार?"

"नाय सांगणार."

बोट बराच वेळ हवेतच राहिलं. मग त्यांनी 'नाही' दाबलं आणि डोळे मिटून घेतले. प्रिंटरमधून पास येईपर्यंत उघडले नाहीत.

रविवारी बाकीच्यांनीही भरलं. सोमवारी ठेकेदाराचा फोन आला. "अरे, अठ्ठावन्न जणांना बूट नाहीत म्हणून यादी आलीय. तुझी साइट बिघडलीय काय?"

"नाही," मी म्हटलं, "आता नीट चालतेय."